उष्णता जेव्हा ‘द्रव’ मानली जात होती

नमस्कार. तापवलेली सळई लांब का होते, हे आज शाळेतला विद्यार्थीही सांगू शकतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र युरोपातल्या नामवंत रसायनशास्त्रज्ञांचे उत्तर निराळे होते. उष्णता म्हणजे ‘कॅलोरिक’ नावाचा अदृश्य, वजनरहित द्रव असून त्याचे कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तो शिरला की पदार्थ प्रसरण पावतो, असे ते मानत. लाव्हाझिए यांच्या १७८९ सालच्या मूलद्रव्यांच्या यादीत ऑक्सिजनच्या पंक्तीला कॅलोरिकही होता.

या कल्पनेला भाबडी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. वितळत्या बर्फाला उष्णता देत राहिले, तरी तो पूर्ण वितळेपर्यंत तापमान वाढत नाही, हे ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले होते. मग ती उष्णता जाते कुठे? कॅलोरिकचा बर्फाशी संयोग होऊन पाणी तयार होते, हे उत्तर त्या काळी सहज पटण्यासारखे होते.

घोडे अडले ते घर्षणापाशी. म्यूनिकच्या शस्त्रागारात पितळी तोफांना भोक पाडताना धातू इतका का तापतो, हा प्रश्न त्या कामावर देखरेख करणारे काउंट रम्फर्ड यांना पडला. पडद्यावरची आकृती पाहा: पाण्याने भरलेल्या पेटीत धातूचा दंडगोल आहे, त्याच्या पोकळीत बोथट गिरमिट घट्ट दाबून बसवले आहे, आणि घोड्यांच्या बळावर तो दंडगोल फिरतो आहे. सुमारे साडेआठ किलो पाणी अडीच तासांत, विस्तवाशिवाय, उकळू लागले. धातूचा कीस निघताना त्यातला कॅलोरिक पिळून बाहेर येतो, असा युक्तिवाद कोणी केला असता. पण किसाची उष्णता धारण करण्याची क्षमता अखंड धातूइतकीच असल्याचे रम्फर्ड यांनी आधीच मोजून ठेवले होते. ही तयारी मला प्रयोगाइतकीच मोलाची वाटते. जे घर्षण चालू असेपर्यंत आटतच नाही, ते द्रव्य कसे असेल, ती गतीच असली पाहिजे, असे त्यांनी १७९८ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले.

तरीही कॅलोरिक लगेच हटला नाही. फ्रेंच अभियंते कार्नो यांनी १८२४ साली वाफेच्या इंजिनाचे विवेचन त्याच्याच आधारे केले. किती कामातून किती उष्णता निर्माण होते, याचा नेमका हिशेब अजून हाती नव्हता. तो जेम्स जूल यांनी १८४०च्या दशकात, खाली येणाऱ्या वजनांच्या जोरावर पाण्यात वल्ही फिरवून मांडला: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ पौंड वजन एक फूट खाली यावे लागते.