तबकडीवर लिहायचं कसं?

(बेळगावात संगीतरसिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, मैफल झाली की दोन दिवसांनी पेपरात चार ओळी येतात. ‘पूरियाने सुरुवात, भैरवीने सांगता, रसिक मंत्रमुग्ध.’ या ओळींना हसणं सोपं आहे. पण त्या येतात तरी. एखाद्या गायकाचं नवं ध्वनिमुद्रण निघालं तर तेवढंही कोणी लिहीत नाही. मोबाईलवर लिंक येते, आपण दोन हात जोडलेलं चित्र पाठवतो, संपलं परीक्षण.

मराठीत संगीतावर लिहिणारे कमी झाले असं नाही. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर लिहायचे आणि कोणाची भीडभाड ठेवायचे नाहीत. वामनराव देशपांड्यांनी घराण्यांचं सौंदर्यशास्त्र मांडलं. पण या लेखनाचा विषय गायक हा आहे, किंवा घराणं. समोर एक तबकडी ठेवायची आणि ती तबकडी म्हणून तपासायची, ही सवय आपल्याला फारशी लागली नाही. रेकॉर्ड म्हणजे मैफलीचा फोटो, असं आपण धरून चाललो. आज मला एवढंच सांगायचं आहे की ते तसं नाही, आणि हे ओळखायला आपल्या या भागातला श्रोता पुण्या-मुंबईच्या श्रोत्यापेक्षा जास्त लायक आहे. दुसऱ्या वाक्यावर पुण्याचे पाहुणे रागावतील. रागावू देत की.

आधी जरा परमुलखात जाऊन येऊ. इंग्लंडमध्ये कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकाराने १९२३ साली ‘ग्रामोफोन’ नावाचं मासिक काढलं. नव्या तबकड्यांचं परीक्षण हाच त्याचा मुख्य धंदा, आणि ते अजून चालू आहे. तिथल्या परीक्षकाची पद्धत सरळ आहे. जर्मन संगीतकार बाखची रचना कागदावर लिहिलेली आहे, ती शंभर जणांनी वाजवली आहे, तेव्हा नवा आला की त्याला जुन्यांच्या शेजारी उभा करायचा. ग्लेन गूल्ड या पियानोवादकाने बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ १९५५ साली मुद्रित केली तेव्हा ती साधारण ३८ मिनिटांत संपली. १९८१ साली त्यानेच पुन्हा वाजवली तर ५१ मिनिटं लागली. काही पुनरावृत्ती दुसऱ्या वेळी त्याने घेतल्या, पण मुख्य फरक लयीचा. आइसलंडच्या व्हीकिंगुर ओलाफसनची तीच रचना २०२३ साली आली, तिला २०२५ मध्ये ग्रॅमी मिळालं, आणि तिच्यावर लिहिणाऱ्यांना गूल्डला वळसा घालून जाता येईना. सत्तर वर्षांपूर्वीची तबकडी आजच्या तबकडीशी अशी भांडते.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं लगेच कोणीतरी म्हणतं. आपल्या रागाला लिखित संहिता नाही, मग तुलना कशाची? बरोबर आहे. दोन गायकांच्या मारव्याची तुलना बहुधा आवडीनिवडीवरच येऊन थांबते. पण एकाच गायकाची त्याच्याशीच तुलना करता येते. मुद्रणाची तारीख वेगळी, लांबी वेगळी, मायक्रोफोन वेगळा. तिथे परीक्षकाच्या हाताला काही लागतं.

आपल्याच परिसरातलं उदाहरण घेऊ. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. त्यातला आवाज उंच, पातळ, बायकी. पुढे घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज खाली उतरला, भरदार झाला. ज्यांनी फक्त पुढच्या गंगूबाई ऐकल्या त्यांना लेबल झाकून ती जुनी बाजू लावून दाखवा, ओळखणार नाहीत. त्या जुन्या रेकॉर्डवर कोणी लिहिलंच, तर ‘सुरुवातीचा कोवळा आवाज’ असं लिहून मोकळे होतात. पण त्या आवाजाची फिरत वेगळी होती, दाणा वेगळा होता. आवाज बदलल्यावर त्यांनी तानेचं काय केलं, कोणत्या जागा सोडल्या, खर्जाकडे किती वळल्या, हे सगळं तबकड्या शेजारी ठेवून तपासता येतं. हा अभ्यास गौरवग्रंथात होत नाही. गौरवग्रंथात ‘नियतीवर मात’ होते.

मल्लिकार्जुन मन्सूर यांचंही तसंच. मिरजेच्या नीलकंठबुवांकडे त्यांची ग्वाल्हेर घराण्याची तालीम झाली. जयपूर-अत्रौली घराण्याची विद्या नंतर मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडून आली. तरुणपणी निघालेल्या त्यांच्या तीन मिनिटांच्या रेकॉर्ड आहेत आणि उतारवयातल्या एलपी, म्हणजे लांब वाजणाऱ्या तबकड्याही आहेत. आपण मन्सूर म्हटलं की लगेच अनवट राग, जोडराग आणि अखंड दमाची ती बांधणी डोळ्यांपुढे आणतो, आणि जुन्या रेकॉर्डना पूर्वतयारी ठरवतो. का? तीन मिनिटांत स्थायी, अंतरा, बोल, तान सगळं बसवून समेवर उतरायचं, हा कारागिरीचा वेगळाच प्रकार आहे. पुढे त्यांच्या गाण्यात जो आटोपशीरपणा दिसतो, एकही जागा रेंगाळलेली नाही, त्यात त्या तीन मिनिटांचा काही वाटा असेल असं मला वाटतं. हे माझं अनुमान आहे, खोडून काढायचं असेल तर रेकॉर्ड घेऊन या.

या तीन मिनिटांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, कारण तबकडी छापली जाणार जर्मनीत आणि तिथल्या कामगाराला कळायला हवं की हे कोणाचं गाणं. तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं आपलं बहुतेक मुद्रित संगीत तीन-साडेतीन मिनिटांच्या मापात शिवलं गेलं. ख्याल कापला गेला, एवढंच आपण म्हणतो. काय ठेवायचं हे कोणीतरी ठरवत होतं, ते म्हणत नाही. संथ विलंबित गेलं, मध्यलय आणि जलद द्रुत राहिलं. आलाप चार स्वरांवर आला. ज्यांची तान चपळ, त्यांचं नाव रेकॉर्डमुळे गावोगाव गेलं. ज्यांची सगळी मातब्बरी राग हळूहळू फुलवत नेणाऱ्या पाऊण तासाच्या बढतीत होती, ते मागे राहिले. म्हणजे कीर्तीची वाटणीसुद्धा तबकडीने केली.

आणि याच रेकॉर्डवर आपला मुलूख शिकला. इथून हाकेच्या अंतरावर सुळेभावी आहे. तिथे १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व, पोरवयात मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड हुबेहूब गाऊन दाखवायचा. नंतर मुंबईत देवधर मास्तरांकडे तालीम झाली. पण कानावर पहिला संस्कार कशाचा? तीन मिनिटांत बांधलेल्या, टोक काढलेल्या गाण्याचा. पुढे कुमारजी छोट्या बंदिशीला जे मोल देतात, चार आवर्तनांत राग उभा करून बाजूला होतात, त्यावर टीकाकारांनी एक फुप्फुस, क्षयाचं आजारपण, अपुरा दम अशी कारणं लावली. आजारपण खरंच होतं. पण दमाचं कारण सोपं म्हणून सगळ्यांनी उचललं. रेकॉर्डचं कारण तपासायला तबकड्या ऐकाव्या लागल्या असत्या.

आता तांत्रिक भाग, थोडा सोसा. अठ्ठ्याहत्तरची तबकडी दर वेळी मिनिटाला ७८ फेऱ्यांनीच कापलेली असते असं नाही. विशेषतः सुरुवातीच्या काळात फेऱ्या कमीजास्त असत. समजा मूळ मुद्रण ७४ फेऱ्यांनी झालं आणि आपण ते ७८ ने वाजवलं, तर पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. पेटीच्या (हार्मोनियमच्या) पांढरी चारमध्ये गाणारा माणूस शेजारच्या काळी तीनमध्ये ऐकू येतो. लयही त्याच प्रमाणात वाढते, तान जास्त दाणेदार वाटते, आवाज बारीक होतो. आता अशा जुन्या गायकांवरचं लेखन काढून बघा: ‘आवाज टोकदार’, ‘तान विजेसारखी’. त्यातलं गायकाचं किती आणि यंत्राचं किती? आज कितीतरी जुन्या रेकॉर्ड संग्राहकांनी यूट्यूबवर चढवल्या आहेत. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे त्यात चोरी नाही, उलट उपकार आहेत. पण वेग तपासून चढवणारे थोडे. परीक्षकाने आधी पेटी उघडावी आणि पट्टी बघावी. मधल्या पट्टीत, दोन स्वरांच्या फटीत गाणं अडकलेलं सापडलं, तर वेगाचा संशय घ्यायला जागा आहे.

एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची १९६० सालची एलपी तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. आज अमीर खाँ यांचा मारवा म्हटलं की तीच बाजू. पण अतिविलंबित लयीत तासभर चालणाऱ्या माणसाने वीस मिनिटांसाठी केलेला तो आराखडा आहे, हे लक्षात ठेवून ती ऐकली की ती आणखी मोठी वाटते. काय गाळलं ते दिसायला लागतं.

मग कॅसेट आली, सीडी आली, एकेक राग तासभर निघाला. तो काळ संपलासुद्धा. आता गाणं स्ट्रीमिंगवर येतं, आणि तिथे स्पॉटिफायसारख्या ठिकाणी ३० सेकंद वाजलं की एक वादन मोजलं जातं. पन्नास मिनिटांचा ख्याल वाजला तरी एक, तीन मिनिटांचं सिनेमाचं गाणं वाजलं तरी एकच. वर्षाला हजार वादनं झाली नाहीत तर पैसे शून्य. मग काय होतं? एकाच रागाचे तुकडे पडतात: आलाप वेगळा, बडा ख्याल वेगळा, छोटा वेगळा. शंभर वर्षांनी आपण पुन्हा मापात शिवायला बसलो आहोत, फक्त या वेळी शिंपी दिसत नाही. नव्या अल्बमवर लिहिताना हे विचारायलाच हवं की छोटा ख्याल दुसऱ्या तुकड्यात का ठेवला, आणि विलंबितातून त्याच्यात जाताना जो सांधा असतो तो कापला का. मला अलीकडच्या काही मुद्रणांत तो सांधाच सापडत नाही. बड्या ख्यालाचा शेवट हळूच विरतो, दोन सेकंद शांतता, आणि मग द्रुत. मैफलीत असं कधी होत नाही.

ग्रॅमीबद्दल प्रश्न येणार, म्हणून एक वाक्य. २०२४ मध्ये ‘शक्ती’ या बँडच्या अल्बमला मिळालं ते ‘ग्लोबल’ या गटात; तिथे ‘क्लासिकल’ म्हणजे अजून युरोपचंच.

आता साथीकडे येतो, कारण बेळगावात बसून साथीबद्दल बोललो नाही तर पाप लागेल. विठ्ठलराव कोरगावकर, रामभाऊ विजापुरे यांच्या या गावात पेटी हा काही दुय्यम विषय नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. त्या तीस वर्षांतली रेडिओवरची मुद्रणं ऐकताना हे ध्यानात हवं: तिथे पेटी नाही हा गायकाचा निर्णय नव्हता. जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या लेबलवर साथीदाराचं नाव बहुतेक वेळा नसतंच. तेव्हा लेबल लहान होतं, एक वेळ मानू. आता तर पडद्यावर जागाच जागा आहे, तरी गायकाचा फोटो, रागाचं नाव, आणि तबला-पेटी कोणाची ते शोधत बसा. परीक्षणातही तीच तऱ्हा, ‘समर्पक साथ’. समर्पक म्हणजे काय? पेटी गायकाच्या मागे किती अंतराने येते, मिंडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, जागी गप्प बसते की पडदे दाबत सुटते, स्टुडिओत आवाजांचं मिश्रण करणाऱ्याने तिला किती मागे ढकललं, यावर लिहा.

तानपुऱ्याची स्थिती याहून वाईट. मिरज आपल्याला किती लांब आहे? तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपण पेढे वाटले. आणि स्टुडिओत मात्र ॲप लावतात. ॲपचा सूर चुकत नाही, हे खरं. पण जवारीचा, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथून उठणारा, झणत्कार फिरून येतो तेव्हा गायक त्यावर टेकतो, त्या टेकण्याने त्याचा षड्ज बदलतो. हेडफोन लावून ऐकलं तर हा फरक कळतो, आणि कळला तर लिहायला काय हरकत आहे?

आता आपल्या लायकीचा मुद्दा. भीमसेन जोशींचे अभंग मराठी समीक्षक डोक्यावर घेतो, दासरपदं, म्हणजे हरिदासांची कन्नड भक्तिपदं, त्याच्या यादीत नसतात. कन्नड समीक्षकाला दासरपदं पाठ असतात, नाट्यपदाला तो ‘मराठी रंगभूमीची छाप’ म्हणून बाजूला सारतो. मन्सूरांनी गायलेली शरणांची कन्नड वचनं, बसवराज राजगुरूंची नाट्यगीतं, सगळीकडे हीच वाटणी. प्रत्येकाकडे अर्धा गायक. खानापूर, निपाणी, अथणी, चिकोडीतला माणूस एका कानाने धारवाड आकाशवाणी ऐकत वाढला आणि दुसऱ्या कानाने सांगली. त्याला ‘विठ्ठल’ दोन्ही भाषांत कळतो. एकच गायक कन्नड शब्दावर स्वर कुठे ठेवतो आणि मराठी शब्दावर कुठे, शेवटच्या उकारावर आवाज सोडतो की आवळतो, हे पुण्याच्या कानाला किंवा बेंगळुरूच्या कानाला सहज कळणार नाही. सीमाप्रश्नाचं काय व्हायचं ते होईल, त्यावर मी आज बोलणार नाही. पण १९५६ नंतर जे दोन कान आपल्याला राहिले, ते कोणत्याही आयोगाने दिलेले नाहीत आणि कोणी काढूनही घेतलेले नाहीत. गायक एम. वेंकटेशकुमारांचं नवं मुद्रण आलं, तर त्यावरचं पहिलं चांगलं परीक्षण बेळगावातून का निघू नये? ते ज्या गदगच्या आश्रमात शिकले तिथली तालीम आपल्याला ठाऊक, वचनाचा ढंग ठाऊक, आणि ख्यालाचा हिशेबही ठाऊक.

सुरुवात कुठून करायची ते सांगून थांबतो. शहापूर, टिळकवाडी, कॅम्प भागात अजून माळ्यावर तबकड्या आहेत, हे मला माहीत आहे, कारण विकत घ्यायला रद्दीवाले फिरतात. त्या देऊ नका. प्रत्येक तबकडीच्या लेबलचा फोटो काढा. लेबलशेजारी गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक असतो, तोही तिरप्या उजेडात काढा, कारण मुद्रणाचा काळ बहुधा त्यावरूनच लागतो. आणि दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. बहुतेक जण आपल्या आवडत्या गाण्याची तेवढी बाजू पाठवतात.