कॅमेरा धरलेला हात

(दृश्य : सांगली, मारुती चौकामागच्या बोळातलं जुनं घर. माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली उतरते. झाकण उघडतं. आत ओळीने लावलेल्या कॅसेट, प्रत्येकीवर वधूवरांची नावं.)

निवेदन :

या पेटीत सांगलीची चारशेच्या आसपास लग्नं आहेत.

ती माझ्या मोठ्या काकांनी शूट केली. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. खांद्यावर व्हीएचएसचा जड कॅमेरा, मागे वायर सांभाळत हॅलोजन धरणारा पोरगा. मंगलाष्टकं सुरू झाली की तात्या श्वाससुद्धा जपून घ्यायचे. श्वासाने खांदा हलतो, खांद्याने चित्र हलतं, आणि हललेलं चित्र दिलं तर वधूपित्याकडचे राहिलेले पैसे विसरायचे. त्याहून मोठा नियम असा, की शूटिंगवाला दिसायचा नाही आणि ऐकूही यायचा नाही. या चारशे लग्नांत तात्या कुठेही नाहीत.

अशा माणसासमोर मी एका रात्री ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ लावला.

(दृश्य : अंधारी खोली. टीव्हीचा निळा उजेड तात्यांच्या चेहऱ्यावर.)

१९९९ चा अमेरिकन सिनेमा. सुरुवातीलाच पडद्यावर मजकूर येतो : ऑक्टोबर १९९४ मध्ये तीन विद्यार्थी माहितीपट करायला मेरीलँडच्या जंगलात गेले, ते परतले नाहीत. वर्षभराने त्यांचं चित्रीकरण सापडलं. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे ते ‘सापडलेलं’ चित्रीकरण. या प्रकाराला म्हणतातच फाउंड फुटेज. अशा सिनेमात निवांत उभा राहून सगळं दाखवणारा कुणी नसतो. जे दिसतं ते गोष्टीतल्याच कुणीतरी टिपलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो आता या जगात नसतो.

दहा मिनिटं झाली आणि तात्या पुढे सरकले.

“कुणी शूट केलंय रं हे? हात बघ की कसा हाय.”

मी म्हटलं, तात्या, मुद्दाम तसं केलंय, नवशिक्यांनी काढल्यासारखं. त्यांनी मान हलवली.

“नवशिका न्हाई ह्यो. भ्यालाय.”

या सिनेमांवर मी पुष्कळ वाचलंय, तासन्‌तास बोललोय. इतक्या नेमकेपणाने ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

तसे ते तिघे मुळात कॅमेरावाले नव्हतेच. हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड, मायकेल विल्यम्स. तिघेही नट, आणि सिनेमात त्यांची स्वतःचीच नावं. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी त्यांच्या हाती कॅमेरे देऊन १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना आठ दिवस जंगलात ठेवलं. रोजच्या सूचना चिठ्ठीवर, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, दुसऱ्याची वाचायची नाही. खायला दिवसेंदिवस कमी. रात्री झोपेत असताना बाहेरून तंबू हलवला जायचा, अंधारात लहान मुलांचे आवाज लावले जायचे. तंबूतून बाहेर पळतानाचा जो श्वास आपल्याला ऐकू येतो त्यात अभिनय किती आणि खरी धाप किती, हे त्या पोरांना तरी वेगळं करता आलं असतं का?

ज्या चेटकिणीवर ते माहितीपट करायला गेलेले असतात ती सिनेमाभर दिसतच नाही. काड्यांच्या बाहुल्या दिसतात, दगडांच्या राशी दिसतात. दिवसभर चालून तिघे पुन्हा त्याच आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशी येतात.

“चकवा,” तात्या म्हणाले.

मेरीलँड कुठे आणि कृष्णाकाठ कुठे! पण बरोबर होतं त्यांचं. हरिपूरच्या वाटेवर रात्री कुणाला तरी चकवा लागला आणि तो पहाटेपर्यंत एकाच बांधाभोवती फिरत राहिला, ही गोष्ट ऐकतच आम्ही मोठे झालो. आमच्याकडे तर उपायही सांगतात : चालायचं थांब, जागीच बस, तांबडं फुटेपर्यंत हलू नको. त्या पोरांना हे सांगणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडची भुताची गोष्ट कधी कुणाच्या तरी डोक्यातून आलेली नसते, हेही लक्षात घ्या. ‘माझ्या मामाने स्वतः बघितलंय’, ‘आमच्या आत्याच्या दिराला लागला होता’. आधी साक्षीदार, मग भूत. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो साक्षीदारामुळे, कारण तो मामा रविवारी घरी जेवायला येणार असतो. फाउंड फुटेजमध्ये मामाची जागा कॅमेरा घेतो. चित्र जितकं खराब तितकी शपथ पक्की. स्वच्छ, सुंदर प्रकाशात काढलेलं भूत बघून आपण म्हणतो, वा, काय काम केलंय! फुटक्या आवाजातलं, अर्धवट, ऐन वेळी भलतीकडे वळलेलं चित्र बघताना ‘काम’ हा शब्दच सुचत नाही.

म्हणून लोकांनी ते खरं मानलं. प्रदर्शनाआधी वेबसाइटवर खोटे पोलिसी कागद होते, तिघे बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली गेली, आणि नटांना लोकांसमोर येऊ दिलं नाही. हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. मुलगी जिवंत, आणि आईच्या हाती दुखवट्याचं पत्र! सिनेमाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर कमावले. ज्यांच्या हातांनी तो काढला त्यांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. २०२४ मध्ये त्या तिघांनी जाहीर पत्र लिहून आपला वाटा मागितला. शूटिंगवाला दिसायचा नाही हा नियम तिकडेही आहे, असं तात्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

(दृश्य : तिपाईवर ठेवलेला रिकामा कॅमेरा. मागे बंद दार.)

नंतर त्यांना ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ही दाखवला. ओरेन पेलीने तो सॅन दिएगोतल्या स्वतःच्या घरात आठवडाभरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये काढला. त्यात रात्री कॅमेरा स्टँडवर असतो. पलंग, उघडं दार, कोपऱ्यात पळणारं घड्याळ. हलणारं काहीच नाही, तरी बसवत नाही. कारण इथे कुठे बघायचं ते कुणी सांगत नाही. आपणच राखणदार होतो. दार बघावं की जिना, की पांघरुणाबाहेर आलेला पाय? हल्ली दुकानाच्या सीसीटीव्हीत मध्यरात्रीचं रेकॉर्डिंग मागेपुढे करून ज्याने बघितलंय त्याला ही नजर ठाऊक आहे.

२०२० च्या टाळेबंदीत ‘होस्ट’ नावाचा तासाभराचाही नसलेला सिनेमा आला, सगळा व्हिडिओ कॉलवर. दिग्दर्शक आणि नटमंडळी एका खोलीत आलीच नाहीत. त्या महिन्यांत आपणही आपली माणसं त्याच चौकटीत बघत होतो.

या प्रकारात वाईट सिनेमेही खूप निघाले. कॅमेरा उगाच गदगदा हलवला की भीती वाटते असा त्यांचा समज असतो. डोकं तेवढं दुखतं. आणि बघणाऱ्याचा रास्त प्रश्न असतो : अरे, जिवावर बेतलंय, कॅमेरा टाक आणि पळ की!

तोच प्रश्न मी तात्यांना विचारला.

“डोळ्याला लावलेला असला ना, की भ्या कमी वाटतं. म्होरं काय चाललंय ते बारकं हुतं. टीव्हीवरचं वाटतं. खाली घेतला की खरं.”

‘ब्लेअर विच’मधला जोश, म्हणजे जोशुआही हेदरला जवळपास हेच सुनावतो. पण तात्या सिनेमाबद्दल बोलत नव्हते. ते उठले आणि या पेटीतून, सगळ्या लग्नांच्या खालून, एक छोटी मिनीडीव्ही कॅसेट काढली. तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं.

“माझ्याकडं पण हाय एक असली.”

(दृश्य : मूळ चित्रीकरण. दाणेदार, अंधारं. पावसाचा आवाज.)

२००५ चा महापूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. वीज नाही. घरातली सगळी मिरजेला हलवलेली, तात्या एकटे वर थांबलेले. हातात हँडीकॅम, त्यावरचा इवलासा दिवा, आणि तो दिवा जिन्यावर.

“तिसरी गेली.”

थोड्या वेळाने पुन्हा जिना.

“चौथी गेली.”

पायऱ्या मोजणारा हा आवाज तात्यांचा आहे. चित्र हलतंय. ज्या खांद्याने चारशे लग्नं स्थिर धरली तो इथे थरथरतोय.

मग खालच्या बोळातून कुणीतरी हाक मारतं. शब्द कळत नाहीत. कॅमेरा गर्रकन फिरतो, आभाळ, पत्रा, हात, आणि कठड्यावर टेकतो. तात्यांच्या पायांचा आवाज जिन्याने खाली जातो. मग पाण्यात पाय पडल्याचा आवाज. मग तोही नाही.

कॅमेरा चालूच आहे. चौकटीत अर्धी भिंत, कपड्यांची रिकामी दोरी, कोपऱ्यात पुढे सरकणारे आकडे. तात्या शेजारच्या आजींना पाठीवर घेऊन वर आले, हे मला माहीत आहे. आजी पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे भाजी निवडायला बसायच्या. तात्या तर हे बघताना माझ्या शेजारीच होते, चहा पीत. तरी ही अकरा मिनिटं दर वेळी मी दोरीकडे बघत राहतो. मध्ये एकदा ती हलते. वाऱ्यानेच हलत असणार.

अकराव्या मिनिटाला एक ओला हात चौकटीत येतो. अंगठा काचेवरून फिरतो, चित्र धूसर होतं. कॅमेरा उचलला जातो. आणि अगदी जवळून, माइकला खेटून, तात्यांचा श्वास ऐकू येतो.