निरोप सांगणारा कुठे उभा असतो?

(नाशिकमध्ये स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्पॅनिशमधील अप्रत्यक्ष कथनाचे नियम’. एवढा रुक्ष मथळा वाचूनही तुम्ही रविवारी संध्याकाळी आलात, म्हणजे एक तर परीक्षा तोंडावर आली आहे, नाही तर घरी पाहुणे आहेत. नियम सांगणार आहे. शेवटी. त्याआधी एक गोष्ट बरीच वर्षं मनात साठली आहे, ती बोलू द्या.

शाळेत इंग्रजीच्या तासाला आपण सगळ्यांनी डायरेक्ट-इनडायरेक्ट केलंय. अवतरणचिन्ह काढा, काळ एक पायरी मागे न्या, ‘उद्या’ खोडून ‘दुसऱ्या दिवशी’ लिहा, पाच मार्क खिशात. कोण कोणाला काय सांगतंय, याच्याशी आपला संबंध नव्हता. तोच तक्ता स्पॅनिशच्या पुस्तकात पुन्हा भेटतो आणि मुलं तो पाढ्यांसारखा घोकतात. माझं म्हणणं, तक्ता बाजूला ठेवा. निरोप सांगणारा माणूस कधी बोलतोय, कुठून बोलतोय आणि त्या शब्दावर त्याचा स्वतःचा किती भरवसा आहे, हे तीन प्रश्न विचारा. काळ आपोआप सापडतो.

आपल्याला हे जड का जातं? मराठीत आपण दुसऱ्याच्या तोंडातलं वाक्य उचलतो आणि आहे तसं पुढे ठेवतो. ‘सुनील म्हणाला, मी उद्या येतो.’ यातला ‘मी’ सुनीलचा, ‘उद्या’ही सुनीलचा. मध्ये ‘की’ घातला तरी काही बदलत नाही. ऐकणारा संदर्भानं समजून घेतो. क्वचित घेत नाही. ‘आई म्हणाली मी येणार नाही’ यात नक्की कोण येणार नाही, यावरून आमच्याकडे लग्नाच्या बसमधल्या सीटा अडल्या होत्या. आणि जबाबदारी झटकायची असेल तर ‘म्हणे’ आहेच. सिंहस्थ जवळ आला की आपल्या शहरात दर वाक्याला तो लागतो. रस्ता बंद होणार म्हणे, नवा पूल होणार म्हणे. (हशा) मेक्सिको, कोलंबियाकडे ‘दिस्के’ म्हणून एक शब्द बोलण्यात येतो, तो बराचसा हेच काम करतो. पण तो भरवशाचा सोबती नाही, परीक्षेत लिहू नका.

दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ चं, इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून केलेलं. स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण नेब्रिहाचं, १४९२ चं, ते लॅटिनच्या साच्यात. साच्यांशी माझं वैर नाही, पण... हा वेगळा विषय आहे, तो परत कधीतरी.

तर गोष्ट. दिंडोरीच्या बाजूला एका पॅकहाऊसमध्ये मी दुभाषी म्हणून गेले होते. द्राक्षांचा ऐन हंगाम. समोर मुर्सियाहून आलेले एक गृहस्थ. मुर्सिया म्हणजे स्पेनमधलं द्राक्षांचं आगर, बिनबियांच्या द्राक्षांत त्यांचा हात धरणारे थोडे. आपल्याकडून एक बागायतदार, वय साठीच्या पुढे, टोपी, हातात कात्री. आणि कंपनीचा मॅनेजर. नाव सांगणार नाही, कंपनीचंही नाही. या मॅनेजरनं स्पॅनिशचा एक छोटा कोर्स केला होता. माझ्या मते छोटा कोर्स केलेल्या माणसापेक्षा काहीच न केलेला माणूस परवडतो. इथे ज्यांनी छोटा कोर्स केलाय त्यांनी राग मानू नये, पुढचा करावा.

बागायतदारानं वेलीवरून एक घड कापला, देठाला धरून उजेडात फिरवला. मण्यांवरची पांढरी पावडर बोटानं पुसली जाऊ नये म्हणून मण्यांना हात नाही लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘ताई, त्यांना म्हणावं, आधी द्राक्षं बघा, मग भाव बोला.’ हे ‘त्यांना म्हणावं’ किती सुरेख आहे बघा. निरोप्यालाच आज्ञा दिली, आतली आज्ञा तशीच ठेवली.

मी तोंड उघडायच्या आत मॅनेजर बोलून मोकळा: ‘दीसे के मीरा लास ऊबास.’ त्याला ‘मीरा’ म्हणजे ‘बघ’ एवढं ठाऊक होतं. पण आज्ञार्थाचं रूप ‘के’नंतर, म्हणजे आपल्या ‘की’नंतर, टिकत नाही. तिथे ‘मीरा’ म्हणजे साधं ‘बघतो’. वाक्याचा अर्थ झाला, ‘हे म्हणतात की हे द्राक्षं बघतायत.’ मुर्सियाच्या पाहुण्यानं बागायतदाराकडे पाहिलं. बागायतदार तेव्हा मोबाइल बघत होता. (हशा) हवं होतं, ‘दीसे के मीरे लास ऊबास’. शेवटी ‘आ’ ऐवजी ‘ए’. एका स्वरानं माहितीची आज्ञा होते, कारण ते सब्हुंतीव्होचं, म्हणजे ‘असं व्हावं’ सांगणारं, रूप आहे.

मुलं इथेच घाबरतात, आणि गंमत म्हणजे इथेच मराठी माणसानं घाबरायचं कारण नाही. ‘त्यांनी द्राक्षं बघावीत असं हे म्हणतात.’ बघावीत, यावं, करावं. आपला विध्यर्थ जिथे सहज येतो, तिथे स्पॅनिशमध्ये सब्हुंतीव्हो बसतो. ‘तिनं मला यायला सांगितलं’ असंही आपण म्हणतो, इंग्रजीतही तसंच आहे, म्हणून मुलं ‘मे दीहो बेनीर’ लिहून मोकळी होतात. ते साफ चूक. मनात आधी ‘मी यावं असं ती म्हणाली’ हे वाक्य करा, मग लिहा: ‘मे दीहो के बिन्येरा.’ ‘बिन्येसे’ लिहिलंत तरी मार्क कापणार नाहीत, दोन्ही रूपं बरोबर आहेत, पहिलं बोलण्यात जास्त. एक सावधगिरी. मुर्सियाकडे शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात. ‘बेंगास’ म्हणजे तू यावंस, ‘बेंगा’ म्हणजे त्यानं यावं. त्यांच्या तोंडून दोन्ही जवळजवळ सारखंच ऐकू येतं. ते स्वर जरा उघडा ठेवतात म्हणे, पण नवख्याच्या कानाला ते कळत नाही.

दुपारी जेवणानंतर खरा तमाशा. पाहुणा आपल्या ऑफिसला फोन करत होता: ‘मे दिहेरोन के मांदाबान लास मुएस्त्रास ओय.’ मॅनेजरचे कान टवकारले. ‘मांदाबान’ म्हणजे ‘पाठवायचे’, हे त्यानं कोर्समध्ये शिकलं होतं. ‘पाठवायचे म्हणजे? आम्ही आत्ताही नमुने पाठवतो! ताई, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?’ मी सांगितलं, अहो, सकाळी तुम्हीच म्हणालात, ‘आज नमुने पाठवतो’. तो वर्तमानकाळ आता दुपारी सांगताना मागे सरकला. ‘आज नमुने पाठवतो असं त्यांनी मला सांगितलं’, एवढंच तो म्हणतोय. यात सवय नाही की टोमणा नाही. मॅनेजर म्हणाला, ‘तुमचं व्याकरण तुमच्याजवळ.’ मी चुकीचं भाषांतर केलं, हे पुढे आठवडाभरात सगळ्या पॅकहाऊसला माहीत झालं. मला हे अजून झोंबतं, म्हणून एवढं लांबण लावलं.

पण त्या फोनमधल्या क्रियापदाकडे परत बघा. पाहुण्यापुढे तीन दारं होती. ‘दिहेरोन के मांदान’ म्हटलं असतं तर: पाठवतायत, माझाही विश्वास आहे, मी वाट बघतोय. ‘मांदाबान’: तसा बेत होता त्यांचा, मी फक्त कळवतोय. ‘मांदारीआन’: पाठवू म्हणाले होते, झालं का ते वेगळं. व्याकरणात तिसरं येतं ते मूळ वाक्य भविष्यकाळी असलं तर, हे खरं. पण बऱ्याचदा निवड सांगणाऱ्याच्या हातात असते, आणि तो कशावर किती पैसे लावतोय हे त्यातून उघडं पडतं. मराठीत ‘पाठवतो म्हणाले’ म्हणून आपण मागच्या मागे निसटतो.

माझं मानधनच घ्या. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणाले होते. सुरुवातीला मी मैत्रिणीला सांगायची, ‘दिहेरोन के मे पागान.’ हल्ली, ‘दिहेरोन के मे पागारीआन.’ (हशा, टाळ्या)

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, नियम.

सांगणारं क्रियापद वर्तमानात असेल, ‘दीसे के’, तर आतला काळ हलत नाही, फक्त माणूस बदलतो. आज्ञा असेल तर सब्हुंतीव्हो. भूतकाळात असेल, ‘दीहो के’, तर: ब्येने (येतो) चं बेनीआ. बेन्द्रे (येईन) चं बेन्द्रीआ. ‘आला’ चं ‘आला होता’, म्हणजे आबीआ बेनीदो, जरी बोलताना लोक साधा भूतकाळही सर्रास ठेवतात. बेनीआ, आबीआ बेनीदो, बेन्द्रीआ ही आधीच मागे असतील तर जागेवर राहतात. आज्ञा आणि सब्हुंतीव्हो दोन्हीचं बिन्येरा. गोष्ट अजून खरी असेल, ‘तो माद्रिदला राहतो’, तर वर्तमान ठेवायला हरकत नाही: दीहो के बीबे एन माद्रिद.

‘मान्याना’ (उद्या) चं ‘आल दीआ सिगिएन्ते’ (दुसऱ्या दिवशी), पण तो उद्या अजून उगवायचा असेल तर ‘मान्याना’च. ‘आकी’ (इथे) चं ‘आयी’ (तिथे), पण तुम्ही त्याच खोलीत बसला असाल तर कशाला? ‘येणे’ आणि ‘जाणे’, ‘आणणे’ आणि ‘नेणे’ यांचीही तशीच अदलाबदल होते, तुम्ही कुठे आहात त्यावर. नाशिकहून पुण्याचा निरोप सांगताना आपणही ती करतोच.

प्रश्न: हो-नाहीचा असेल तर ‘सी’, मे प्रेगुंतो सी तेनीआ आंब्रे, भूक लागली का असं विचारलं. बोलताना ‘के सी’ही म्हणतात. कुठे, कधी, कोण असा प्रश्न असेल तर तोच शब्द राहतो आणि त्यावरची तिरकी रेघही राहते, प्रश्नचिन्ह गेलं तरी. ही रेघ निम्मे लोक विसरतात. उलट ‘जर’ किंवा ‘का’ या अर्थाच्या ‘सी’वर रेघ नाही. रेघवाला ‘सी’ म्हणजे होकार.

आणि एक, जे तक्त्यात कधीच नसतं. आई हाक मारते, ‘बेन!’ पोरगं आतून, ‘के?’ (काय?) आई: ‘के बेंगास!’ म्हणजे ‘ये म्हटलं ना!’ सांगणारं क्रियापद पार गेलं, नुसता ‘के’ उरला, पण सब्हुंतीव्हो आपल्या जागी. शेजारच्या पोराला निरोप घेऊन पाठवलं की तेही दारातून तसंच सुरू करतं, ‘के दीसे मी मादरे के सी...’, माझी आई विचारतेय की...

हॉल रिकामा करायचाय. रेघांचे शब्द फळ्यावर लिहिते, हवे त्यांनी फोटो काढून घ्या.