उंबरठ्याच्या आतली चार फुटं

(दृश्य : घणसोली स्टेशनकडे जाणारा रस्ता, सकाळची घाई. मग एका इमारतीचा जिना, तिसरा मजला, जाळीचा सेफ्टी डोअर. दाराच्या कडीला दुधाची कापडी पिशवी.)

नवी मुंबईत घर बघायला गेलात की एजंट आधी हॉल दाखवतो, मग किचनचा ओटा, मग खिडकी उघडून पारसिकचा डोंगर किंवा खाडी दाखवतो. दार उघडल्यावर आपण सगळ्यात आधी जिथे पाय ठेवतो, त्या जागेबद्दल तो काही बोलत नाही. नकाशातही ती वेगळी दाखवलेली नसते, हॉलमध्येच धरलेली असते. आणि घरातलं प्रत्येक माणूस दिवसातून चार वेळा अडखळतं ते मात्र तिथेच.

घणसोलीतल्या या वन बीएचकेत चार माणसं राहतात. नवरा महापे एमआयडीसीत कामाला, बायको ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ठाण्याला जाते, मुलगी पाचवीत, आणि सासूबाई. दार उघडलं की उजवीकडे भिंत, डावीकडे बाथरूमची बाजू. मधली वाट साडेतीन फूट रुंद आणि चार फूट लांब. त्यापुढे सोफा.

(दृश्य : आधीची अवस्था. कॅमेरा जमिनीलगत.)

काल संध्याकाळी या चार फुटांत काय काय होतं ते बघा. कापडी कव्हर असलेला लोखंडी पाइपांचा पाच मजली शू-रॅक, एका बाजूला कललेला. त्याची चेन बिघडलीय, त्यामुळे कव्हर कायम अर्धवट उघडं. रॅकसमोर रोजच्या चपलांचा ढीग, कारण वाकून आत ठेवायला कुणाला वेळ नाही. मुलीचं दप्तर. दोन हेल्मेट. छत्री उभी करून ठेवलेली, तिच्या टोकाखाली टाइलवर पाण्याचा गंजकट डाग. फ्रिजवर किल्ल्या, टीव्हीखाली किल्ल्या, आणि एक किल्ली अजून सापडलेली नाही. दार पूर्ण उघडतच नाही, रॅकला आपटतं आणि तिथेच थांबतं.

घरात पसारा होतो तो माणसं आळशी असतात म्हणून, हे मला पटत नाही. पसारा होतो कारण वस्तूला जागा नसते. आपल्या गावाकडच्या घरांत हे काम जागा स्वतःच करायची. पडवीत चपला निघायच्या, ओसरीवर माणूस टेकायचं, भिंतीतल्या खुंटीला टोपी-पिशवी लागायची, कोनाड्यात किल्ली आणि काडेपेटी. सून नवी असो वा पाहुणा नवखा असो, कुणाला विचारावं लागत नव्हतं.

१९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था, स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवं शहर उभं राहू लागलं. त्या शहराची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक होते वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. १९८०च्या दशकात त्यांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजची बैठी घरं आखली तेव्हा प्रत्येक घराला स्वतःची उघडी जागा ठेवली, आणि साधारण सात-सात घरांना मिळून एक अंगण दिलं. रस्त्यावरून आलेलं माणूस थेट खोलीत शिरत नाही, मधे एक टप्पा असतो. उंच इमारतीत तो टप्पा गेला. दार उघडलं की एकदम हॉल. पडवी, ओसरी, खुंटी आणि कोनाडा या चौघांचं काम आता या चार फुटांना करायचंय. आणि या घराकडे त्यासाठी आहेत ३ हजार रुपये.

(दृश्य : सासूबाई दारापाशी, हातात रांगोळीची वाटी.)

खरेदीच्या आधी एक मोजमाप. दार जिथपर्यंत फिरतं तिथपर्यंत सासूबाईंनी जमिनीवर रांगोळीने रेघ ओढली. तीन फुटांचं दार उघडताना पाव वर्तुळ काढतं आणि जमिनीवरची ७ चौरस फूट जागा आपल्या नावावर करून घेतं. म्हणजे आपल्या एकूण १४ चौरस फुटांतली निम्मी जागा दाराची. या रेघेच्या आत जमिनीवर काहीच ठेवायचं नाही. कितीही सुंदर वस्तू असली तरी नाही.

उरलेल्या जमिनीचंही तेच. आमचं स्पष्ट मत आहे की छोट्या घराच्या दारात सगळ्यात मोठी शोभा म्हणजे दिसणारी फरशी. ती झाडता येते, पुसता येते, आणि रात्री दिवे गेले तरी तिच्यावरून बिनधास्त चालता येतं. सामान जाईल भिंतीवर. भिंत साडेनऊ फूट उंच आहे आणि आजवर तिच्यावर फक्त एक कॅलेंडर होतं.

मग चपला बाहेर पॅसेजमध्ये का नाही? अनेक इमारतींत हाच उपाय दिसतो आणि त्यावरून सोसायटीत भांडणंही होतात. पण प्रश्न शेजाऱ्यांच्या नाराजीपुरता नाही. आग लागली की धूर जिन्यात भरतो, दिवे जातात आणि माणसं भिंत चाचपत उतरतात. तेव्हा वाटेतला शू-रॅक पायात येतो. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६चा कायदा आहे. जिना आणि पॅसेज ही सुटकेची वाट आहे, ती मोकळीच हवी. दाराबाहेर रांगोळी, दारावर तोरण, बस.

(दृश्य : सगळ्या चपला-बूट हॉलमध्ये वर्तमानपत्रावर मांडलेले.)

आता चपलांची छाननी. लग्नातल्या मोजड्या, कोल्हापुरी, मुलीचे लहान झालेले शाळेचे बूट, पावसाळी सँडल. यातलं रोज पायात जातं ते माणशी दोन जोड. कोल्हापुरीला पाणी चालत नाही, ती जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून माळ्यावर गेली. लहान झालेले बूट इमारतीतल्याच एका छोटीला. दारापाशी राहिले आठ जोड. पाच मजली रॅकची गरजच नव्हती.

या आठ जोडांसाठी जे केलं ते जरा थांबून बघण्यासारखं आहे. मोठ्या माणसाचा बूट साधारण ३० सेंटिमीटर लांब, म्हणजे एक फूट. आडव्या फळीवर ठेवला तर साडेतीन फुटांच्या वाटेतला एक फूट गेलाच. पण तोच बूट टाच वर आणि पुढचं टोक खाली असा ४५ अंशांत कलता ठेवला, तर भिंतीपासून जेमतेम २१ सेंटिमीटर पुढे येतो. म्हणून दोन उभ्या बाजू ९ इंच खोलीच्या आणि मधे तीन उतरत्या फळ्या. प्रत्येक फळीच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी, म्हणजे बूट घसरत नाही. फळीही अखंड नाही. दोन-दोन इंचांच्या पट्ट्या आणि मधे फट, म्हणजे माती खाली पडते आणि ओला बूट दोन्ही बाजूंनी वाळतो. सगळा सांगाडा जमिनीपासून सहा इंच वर भिंतीला ठोकलेला. खालून पोछा सरळ फिरतो.

दारं लावून बंद कपाट का केलं नाही? इथला पावसाळा. जून ते सप्टेंबर ओले बूट बंद कपाटात ठेवले की दोन दिवसांत बुरशी आणि तो वास. उघडी फळी बरी. फार भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, कागद पाणी ओढून घेतो.

लाकडाची निवडही पावसावरूनच करायची. स्वस्तातलं तयार फर्निचर बहुतेक पार्टिकल बोर्डचं असतं. वरून छान लॅमिनेट, पण कडेतून पाणी शिरलं की भुसा फुगतो, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. प्लायवर छापलेला आकडा वाचा : आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा. अख्खी आठ बाय चार फुटांची शीट घ्यायची गरज नाही. शेजारच्या विंगमध्ये कुणाच्या घरी फर्निचरचं काम चालू होतं, तिथल्या सुताराकडून मरीन प्लायचे कटपीस मिळाले. त्यानेच अर्ध्या दिवसात सांगाडा जोडून दिला, कडांना ऑइल पेंटचे दोन हात मारले. प्लाय, पेंट आणि मजुरी धरून १,५०० रुपये.

(दृश्य : ड्रिल मशीनचा आवाज. बोटभर भोक, त्यात गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा प्लास्टिकचा प्लग.)

भिंतीला भोक पाडण्याआधी भिंत कसली आहे ते ठोकून बघा. ही इमारत जुनी, विटांची. साधी गिट्टी आणि स्क्रू पुरला. सिपोरेक्स ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, भिंतीत साधी गिट्टी जागच्या जागी फिरते, तिथे त्या ब्लॉकसाठीची वेगळी गिट्टी मागून घ्यावी. नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीची, म्हणजे साच्यात ओतलेली, काँक्रीटची भिंत असेल तर हॅमर ड्रिल हवं. आणि कुठल्याही भिंतीत स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, वायरचे पाइप तिथूनच गेलेले असतात. एमसीबीचा, म्हणजे विजेच्या आपोआप पडणाऱ्या स्विचांचा, डबा पुष्कळ घरांत दाराच्या वरच असतो. तो फ्रेमखाली झाकून ठोकून टाकू नका. रात्री ट्रिप झालं तर हात पोचला पाहिजे.

खुंट्यांची पट्टी दोन उंचींवर लावली. मोठ्यांसाठी साडेपाच फुटांवर, मुलीसाठी साडेतीन फुटांवर. दुसऱ्या पट्टीने चमत्कारच केला. दप्तर पहिल्याच दिवशी तिने स्वतः टांगलं, कारण हात पोचत होता. हेल्मेट वरच्या खुंट्यांना. किल्ल्यांसाठी कोनाडा हवा होता, तो भिंतीत कोरता येत नाही. म्हणून किचनच्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा हातभर तुकडा दोन ब्रॅकेटवर बसवला, त्याखाली चार हुक. कडप्प्याला पाण्याचं भय नाही, ओली छत्रीसुद्धा क्षणभर टेकवा. तुमच्याकडे तुकडा नसेल तर शिळफाट्याकडच्या मार्बल-टाइल्सच्या दुकानांत तुकड्यांची चौकशी करा.

छत्रीसाठी काही विकत घेतलं नाही. प्लंबरकडे उरलेला चार इंची पीव्हीसी पाइप, दोन फूट लांब, भिंतीच्या रंगात रंगवून शू-रॅकच्या बाजूला क्लॅम्पने धरला. खाली आइस्क्रीमचा रिकामा डबा, पाणी त्यात.

सासूबाईंची मागणी मात्र वेगळी होती. "अगं, शोभा नंतर कर, आधी मला टेकायला दे. उभ्याने चप्पल घालताना तोल जातो माझा." त्यांचं म्हणणं यादीत सगळ्यात वर असायला हवं होतं. घरातलंच १७ इंच उंचीचं लाकडी स्टूल रांगोळीच्या रेघेबाहेर आलं, आणि त्याच्याजवळ भिंतीला धरायला एक स्टीलचा दांडा. दांड्याच्या गिट्ट्या मात्र लांब आणि जाड घेतल्या. त्याच्यावर टॉवेल लटकणार नाही, माणसाचा भार येणार आहे.

(दृश्य : काचवाला आरसा कापतोय. काचेवर फिरणारं कटर.)

आता आरसा. पूर्ण उंची दिसायला पूर्ण उंचीचा आरसा लागत नाही, निम्म्या उंचीचा पुरतो, आणि तुम्ही जवळ उभे राहा की लांब, हे बदलत नाही. घरात सगळ्यात उंच माणूस साडेपाच फुटांचा, सगळ्यात बुटकं मोठं माणूस पाच फुटांचं. वरची कड जमिनीपासून ६४ इंचांवर, खालची २८ इंचांवर. म्हणजे तीन फूट उंच आणि एक फूट रुंद काच दोघांनाही पुरली. चौकटीशिवाय, कडा पॉलिश करून, ४५० रुपये. दारासमोर आरसा नको असं पुष्कळ घरांत मानतात. इथे तो बाजूच्या भिंतीवर लावला, आणि हॉलच्या खिडकीचा उजेड तिथून थेट दारापर्यंत आला. चिकटवताना काचवाल्याला न्यूट्रल सिलिकॉन लावायला सांगा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन आरशामागचा मुलामा खातं आणि काळे डाग पडतात. खाडीकाठच्या दमट हवेत ते लवकरच दिसतात.

दिव्याचं म्हणाल तर खर्च १२० रुपये. जुना पांढराफेक बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला, खोक्यावर ३००० केल्विन लिहिलेला. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप. ६५०० वाला बल्ब दवाखान्यासारखा उजेड देतो. थकून आलेल्या माणसाला पिवळसर उजेड बरा वाटतो.

सजावट शेवटी, आणि एकच. कडप्प्याच्या फळीवर काचेच्या बाटलीत मनी प्लांट. कमी उजेडात तगतो. फक्त आठवड्यातून एकदा न चुकता पाणी बदलायचं, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. दारावर तोरण आधीपासून होतंच, मण्यांचं, सासूबाईंनी केलेलं. त्याच्या शेजारचे तीन स्टिकर काढल्यावर ते पहिल्यांदा नीट दिसलं.

खुंट्या, दांडा, ब्रॅकेट, हुक, गिट्ट्या आणि काथ्याचं पायपुसणं मिळून ८०० रुपये. बेरीज २,८७०.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही : चार रेनकोट. ओले असताना ते खुंटीला लावले तर भिंतीचा रंग सुटेल. सध्या ठरलंय की ते बाथरूमच्या दांडीवर निथळतील आणि सुकल्यावरच दारापाशी येतील. जूनमध्ये कळेल.

आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी. ११ महिन्यांच्या करारावर भोकं पाडायची भीती वाटणं साहजिक आहे. चिकटवायचे हुक डिस्टेंपरवर टिकत नाहीत, रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतात. टाइलवर किंवा दाराच्या सनमायकावर ते चालतात. शू-रॅक जमिनीवर उभा राहील असा करून घ्या, फक्त वरून एक स्क्रू भिंतीला. घरमालकांना आधीच विचारा, किती भोकं आणि कुठे ते कागदावर काढून दाखवा. घर सोडताना गिट्टी पक्कडीने ओढून काढायची, भोकात वॉल पुट्टी दाबून भरायची, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारायचा आणि वरून त्याच रंगाचा हात. म्हणून रंगाच्या डब्यावरचा शेड नंबर आजच लिहून ठेवा.