काका, तुमची सकाळ कधी होते?

नमस्कार मंडळी. दुपारचे तीन वाजून गेलेत, म्हणजे मॉर्निंग ड्युटीवाल्या माझ्या सिस्टर आत्ता हँडओव्हर देऊन, चपला बदलून, वाशी नाहीतर कोपरखैरण्याहून ठाण्याची गाडी पकडत असतील. उभ्यानेच. तर आजचा विषय त्यांच्यासाठी, पण बाकीच्यांनीही ऐका, कारण तुमच्याही घरात कुणीतरी इन्सुलिनची सुई घेणारं असतंच.

हल्ली नर्सेसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक जाहिरात फिरते, होलिस्टिक हेल्थ एज्युकेशनचं सर्टिफिकेट करा आणि करिअरला वळण द्या. मुली मला विचारतात, मॅडम करू का, पैसे भरू का, पगार वाढतो का त्याने? मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, शेवटची १२ इन्चार्ज म्हणून, त्यामुळे याचं हो-नाही असं सरळ उत्तर माझ्याकडे नाहीये आणि म्हणूनच रेडिओवाल्यांनी पंधरा मिनिटं दिलीयेत.

आधी तो शब्द बघू. होलिस्टिक म्हणजे समग्र, अख्खा माणूस बघायचा. शुगर किती हे तर बघायचंच, पण तो खातो काय, झोपतो कधी, घरी कोण आहे, खिशात किती आहेत, मनात काय खातंय त्याला, हे पण. आता घोडबंदर रोडने जाताना हाच शब्द सलूनच्या पाटीवर दिसतो, स्पाच्या पाटीवर दिसतो, एका बिल्डरच्या होर्डिंगवर पण बघितला मी, टू बीएचकेत काय समग्र असणार कोण जाणे, ओट्याला लागून वॉशिंग मशीन असेल फार तर. आणि ते काकडी घातलेलं डिटॉक्सचं पाणी! आमच्याकडे कोशिंबिरीला सुटलेलं पाणी आजी पिऊन टाकायची, तिने कधी त्याचे पैसे नाही लावले. असो.

नर्सिंगमधे ही गोष्ट नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, १८२० चा जन्म, १२ मे, म्हणून तर आपला नर्सेस डे त्या दिवशी, त्या बाईने दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं की पेशंटला मोकळी हवा द्या, उजेड द्या, स्वच्छता ठेवा, गोंगाट करू नका, जेवणाकडे लक्ष द्या. अमेरिकेत १९८१ साली होलिस्टिक नर्सेसची वेगळी संघटना निघाली आणि तिकडे आता त्याची बोर्डाची परीक्षा असते. ती परीक्षा तिकडचं नर्सिंगचं लायसन्स असलेल्यांसाठी आहे हं. इथे कळव्यात बसून ऑनलाइन पैसे भरले आणि ते पद मिळालं, असं होत नाही. हे लक्षात ठेवा, मी परत सांगणारे.

आता गोष्ट. ही मी इतक्यांदा सांगितलीये की माझ्या सुनेला पाठ आहे, मी सुरुवात केली की ती चहा टाकायला उठते. पण तुम्ही नवीन आहात.

आमच्याकडे एक काका यायचे. माथाडी कामगार, मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्यात, आणि काम वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला. पन्नास किलोची गोणी पाठीवर. वय साठीच्या आसपास, बारीक, पण मनगट असं की सलाईनची पट्टी पुरायची नाही. डायबेटिस, दोन वेळा इन्सुलिन. आणि हे काका दोन महिन्यांत तिसऱ्यांदा कॅज्युअल्टीत आले होते. दर वेळी तोच प्रकार. काकू वाशीला चार घरचा स्वयंपाक करायच्या, त्या साडेबाराला घरी आल्या की काका घामाने निथळलेले, उशी ओली, तोंडाने काहीतरी बरळतायत, काकूंना ओळखत नाहीत. शेजारीण म्हणायची बाहेरचं आहे, लिंबू उतरवा. पण काकू शहाण्या, त्या लिंबात वेळ न घालवता रिक्षा करून घेऊन यायच्या. ग्लुकोमीटरवर ३८. सत्तरच्या खाली गेली की शुगर लो म्हणतात, ही ३८. मग शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचंच पाणी, आणि दोन-तीन मिनिटांत काका उठून बसायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "मला हितं कुणी आणलं? माझी चप्पल कुठाय?"

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलं, नॉन-कम्प्लायंट. म्हणजे ऐकत नाही. आणि मी? मी तर त्यांना झापलं. काका, सुई सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी, किती वेळा सांगायचं? ते म्हणाले, "घेतो की वो सिस्टर, रोज घेतो, मी काय येडा हाय का सुई चुकवायला?" मला वाटलं खोटं बोलतायत. आधीच्या दोन्ही वेळच्या पेपरवर लिहिलेलं होतं, डाएट आणि इन्सुलिन समजावून सांगितले. खाली सही. माझी.

त्या दिवशी ड्युटीला एक मुलगी होती. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, नोकरीचं दुसरं वर्ष, कळव्याहून यायची. तिने सहा महिने शनिवार-रविवार करून स्वतःच्या पैशाने असलंच एक सर्टिफिकेट केलं होतं आणि आम्ही सगळ्या तिला होलिस्टिक मॅडम म्हणून चिडवायचो, मी पण. ती आली, नातेवाइकांचं स्टूल ओढलं आणि काकांजवळ बसली. बसली हो! वॉर्डात सिस्टर बसत नाही. आमच्या मेट्रन म्हणायच्या, बसलेली सिस्टर दिसली की समजायचं काहीतरी काम राहिलंय. तेच डोक्यात बसलेलं, मी तर ३१ वर्षांत जेवण सुद्धा निम्मं उभ्याने केलंय, व्हेरिकोज व्हेन्स उगाच नाही आल्या. तर ती बसली, आणि तिने विचारलं, "काका, तुमची सकाळ कधी होते?"

काका म्हणाले, "माझी व्हय? संध्याकाळी सहाला."

मी ड्रग ट्रॉलीजवळ उभी होते. हातातली वाटी तशीच राहिली.

मग तिने माझ्या हातातली तीच वाटी घेतली, ती पातळ औषध द्यायची प्लास्टिकची छोटी असते ना, ती डिस्चार्ज कार्डाच्या मागे उपडी ठेवून पेनाने गोल काढला. म्हणाली हे तुमचे चोवीस तास, आता बोटाने दाखवा. काकांना वाचायला फारसं येत नव्हतं पण घड्याळ पक्कं. त्यांनी बोट ठेवलं, हितं सहाला उठतो, हितं जेवतो आन सुई, हितं रातच्याला गाड्या लागतात नाशिककडच्या, जुन्नरच्या, रातभर गोण्या, हितं दोन वाजता वडापाव, हितं सातला सुटतो. घरी आलो की कार्डावर लिवल्याप्रमाणं सकाळची सुई घेतो, कपभर चहा पितो आन झोपतो.

कळलं का? माणूस रात्रभर गोण्या उचलून आला, सकाळची जास्त डोसची सुई टोचली आणि भाकरी न खाता झोपला ते थेट संध्याकाळपर्यंत. मिक्स इन्सुलिन ते, त्याचा थोडा जोर सुरुवातीला आणि बाकीचा पुढे कित्येक तास चालतो. वर रात्रभराची मेहनत, ती पण शुगर खेचते. दुपारी ३८ नाही होणार तर काय होणार. कार्डावर सकाळ लिहिलं होतं, त्यांनी सकाळी घेतली. आमच्या अख्ख्या वॉर्डात इतका आज्ञाधारक पेशंट दुसरा नसेल आणि आम्ही त्याच्या पेपरवर लिहिलं, ऐकत नाही.

पुढचं महत्त्वाचं आहे, मुलींनो. तिने डोस बदलला नाही. परत सांगते, तिने डोस बदलला नाही, तो तिचा अधिकार नाही, माझाही नाही. तिने ते गोल काढलेलं कार्ड उचललं आणि डॉक्टरांना नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी ते एकदा सरळ बघितलं, एकदा फिरवून बघितलं, आणि मग त्यांनी काकांच्या शिफ्टप्रमाणे सुईची वेळ बदलली, डोस बदलला. आधीचा तो नॉन-कम्प्लायंट त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला, हेही सांगायला पाहिजे, सगळे खोडत नाहीत. काकूंना तिने सांगितलं की घाम, थरथर, बरळणं दिसलं आणि काका शुद्धीवर असतील, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल. तुम्ही पण लक्षात ठेवा, तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं, आणि शुद्ध नसेल तर तोंडात काही नाही.

मी तिला विचारलं, तुला हे त्या कोर्समधे शिकवलं का गं? म्हणाली, एका पेशंटचे चोवीस तास लिहून आणायला सांगायचे मॅडम, माझं तीनदा परत पाठवलं, म्हणे तो झोपतो कधी ते लिहिलंच नाहीस.

काका त्यानंतर शुगर लो म्हणून काही आले नाहीत. दीड महिन्याने ओपीडीला आले ते खांद्यावर कांद्याची अर्धी गोणी घेऊन, लिफ्ट बंद होती तर दोन मजले चढून. त्या दिवशी आमच्या अख्ख्या शिफ्टने पिशव्यांतून कांदे नेले आणि ट्रान्स-हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात वास सुटला म्हणून बायका आमच्याकडे बघत होत्या.

बरं, वेळ बघते. अरे, निम्म्याहून जास्त गेला. तर करिअर.

पगार वाढला का तिचा? लगेच नाही. एक रुपया नाही. पण काही महिन्यांनी हॉस्पिटलला एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, तपासणीची तयारी करायची होती. एनएबीएचच्या निकषांत पेशंटचे हक्क आणि पेशंट एज्युकेशन असं चक्क एक प्रकरण आहे, म्हणजे तुम्ही पेशंटला समजावलं का, कसं समजावलं, लिहून ठेवलं का, हे बघतात. मग मॅनेजमेंटला आठवली होलिस्टिक मॅडम. तिला पेशंट एज्युकेटर केलं, डायबेटिस ओपीडीला बसवलं, नाइट ड्युटी गेली, आणि पगार त्याच्या पुढच्या इन्क्रिमेंटला वाढला. नाइट जाणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरी दोन वर्षांचं पोर आहे त्यांना विचारा, तो पगारच आहे एक प्रकारचा. आणि इंटरव्ह्यूत सर्टिफिकेट फाइलमधे असतंच प्रत्येकीच्या, तिने काकांची गोष्ट सांगितली.

अशी कामं आपल्याकडे आहेत. डायबेटिस एज्युकेटर, स्तनपानाचं मार्गदर्शन, पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणारी देखभाल, घरी जाऊन देखभाल, शाळेतली नर्स, महापे-रबाळ्याच्या मोठ्या कारखान्यांतलं हेल्थ सेंटर, तिथेही शिफ्टवालेच कामगार हं, गोल काढायला भरपूर वाव. सरकारीमधे आयुष्मान भारतची २०१८ पासूनची जी आरोग्य केंद्रं, आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथे कम्युनिटी हेल्थ ऑफिसरचं पद आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांचा कम्युनिटी हेल्थचा सर्टिफिकेट कोर्स असतो. हे सर्टिफिकेट पदाला बांधलेलं आहे, असलं सर्टिफिकेट सगळ्यात कामाचं. पण भरतीच्या जाहिरातीतली पात्रता स्वतः वाचा, ग्रुपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका. इग्नूचे, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे, पण आरोग्याचे सर्टिफिकेट कोर्स आहेत. योगाकडे ओढा असेल तर आयुष मंत्रालयाच्या योगा सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा द्या, लेव्हल ठरलेल्या आहेत, कागदाला वजन आहे.

पैसे भरण्याआधी फोन करून तीनच गोष्टी विचारा. सर्टिफिकेट देतं कोण? तास किती? आणि खऱ्या पेशंटजवळ बसवतात का? हा तिसरा प्रश्न विचारला की निम्मे फोन तिकडूनच कट होतात. दोन दिवसांच्या वर्कशॉपमधे मेणबत्ती लावून डोळे मिटायला लावतात आणि संध्याकाळी सोनेरी कागद देतात, त्याचे आठ-दहा हजार घालवू नका, त्यापेक्षा आईला दोन दिवस गणपतीपुळ्याला घेऊन जा, आईचं पण होलिस्टिक होईल.

आणि नोंदणी आधी, सर्टिफिकेट नंतर. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू हवी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना पुढे शिकत राहण्याचे, तास भरावे लागतात. कोर्सवाल्याला विचारा, हे तास त्यात धरतात का. काही मुलींकडे सहा-सहा सर्टिफिकेटं असतात आणि नोंदणी दोन वर्षांपूर्वी संपलेली. नोंदणी आधी. परदेशी जायचं असेल तरी तेच, तिथलं लायसन्स आणि इंग्रजीची परीक्षा याला हे सर्टिफिकेट पर्याय नाही. मघाशी म्हटलं होतं ना, परत सांगेन.

काचेमागून ताई दोन बोटं दाखवतायत, दोन मिनिटं. हॉस्पिटल चालवणारं कुणी ऐकत असेल तर एक सांगते. १२ मेला तुम्ही आम्हाला गुलाब देता, केक कापता, फोटो काढता, छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या वर्षी गुलाब राहू दे. प्रत्येक खाटेजवळ एक जास्तीचं स्टूल ठेवा, सिस्टरसाठी. प्लास्टिकचं चालेल, ठाण्यात गावदेवी मार्केटकडे मिळतात, घाऊक घेतलीत तर भाव पण करून देतात. चला, नमस्कार.