खरं लिहिलं, तरी बदनामीचा खटला?

नमस्कार. समजा, डिचोलीतल्या एका गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही लिहिलंत, 'गटार अर्धंच बांधलं, बिल पूर्ण काढलं, सरपंचांनी पैसे खाल्ले.' चार दिवसांत वकिलाची नोटीस दारात. तुम्ही म्हणता, खरं तेच लिहिलंय, घाबरू कशाला?

जरा थांबा. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा असेल, तर आरोप खरा ठरला की विषय संपला. हा दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाच्या आत लावावा लागतो. फौजदारीत मात्र नुसतं खरं पुरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 चा पहिला अपवाद दोन गोष्टी मागतो: आरोप खरा हवा, आणि तो जाहीर करणं लोकहिताचं हवं. शेजाऱ्याचं आजारपण किंवा नवराबायकोचं भांडण ग्रुपवर टाकलंत, तर अक्षरन्‌अक्षर खरं असूनही हा अपवाद मिळणं कठीण. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. 1 जुलै 2024 पूर्वीच्या मजकुराला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 499 लागतं, अपवाद तोच.

पंचायतीच्या पैशांचा कारभार लोकहितात सहज बसतो. तुमची पोस्ट अडकते ती दुसरीकडेच. ते वाक्य पुन्हा वाचा. त्यात तीन आरोप आहेत. माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) आणि बिलाची प्रमाणित प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. पुस्तिकेत 120 मीटर आणि जागेवर टेप लावून 70 भरले, तर पहिले दोन आरोप उभे राहतात. तिसरा नाही! मोजमापावर सही बहुधा अभियंत्याची असते, आणि पैसे कोणाच्या खिशात गेले हे पुस्तिका सांगत नाही. 'गावात सगळे बोलतात' हा पुरावा नव्हे. ऐकीव गोष्ट तुम्ही पुढे ढकललीत की ती खरी असल्याचं सिद्ध करणं तुमच्याच गळ्यात.

म्हणून लिहायचं असं: 'पुस्तिकेत 120 मीटर, जागेवर 70. उरलेल्या 50 मीटरचं बिल कशाच्या आधारावर काढलं?' खाली प्रतींचे फोटो. वाक्य मिळमिळीत वाटेल, पण कोर्टात टिकतं. पोस्टच्या आधी पंचायतीला लेखी विचारून पोचपावती ठेवलीत, तर याच कलमाच्या नवव्या अपवादालाही, म्हणजे लोकहितासाठी सद्‌भावनेने केलेल्या आरोपाच्या बचावालाही, आधार मिळतो, कारण सद्‌भावना म्हणजे इथे पुरेशी काळजी घेणं.

अपवाद सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो, पण संशयापलीकडे नव्हे. पारडं तुमच्या बाजूला झुकलं तरी चालतं. 1965 साली हरभजन सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. आणि हो, नोटीस आली म्हणून घाबरून सगळं पुसू नका. जागेवरचे मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो विकू नका, रिसेटही करू नका. त्यांच्या प्रिंट कोर्टात दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.