आठ वारांच्या निऱ्या

टेबलावर लोकरीचं टार्टन, म्हणजे चौकड्यांचं स्कॉटिश कापड, पसरलंय. किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख. तो शिवणारी बाई एक निरी दुमडते, खडूच्या खुणेवर आणते आणि चौकडा शेजारच्या निरीशी जुळतो का ते पाहते. नाही जुळला, तर उलगडून पुन्हा घालायची. पुरुषाच्या पूर्ण किल्टला साधारण ८ वार कापड लागतं, आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. त्यातलं बहुतेक मागच्या निऱ्यांत जातं. कमरेपासून खाली वीतभर त्या हाताने शिवून पक्क्या करतात, पुढे मोकळ्या सोडतात. समोरच्या बाजूला मात्र निरी नाही. दोन सपाट पदर एकावर एक येतात आणि पट्ट्या-बकलांनी आवळले जातात.

मग हा स्कर्ट म्हणायचा का?

शिवणकामाच्या हिशेबाने हो. कमरेवर बसणारा, दोन्ही पायांभोवती एकच घेर, मधे शिवण नाही. ‘स्कर्ट’ या शब्दात मुळात बाईपणही नाही. स्कर्ट आणि शर्ट एकाच मुळाचे शब्द. ‘किल्ट’ स्कँडिनेव्हियन भाषांकडून आला, अर्थ खोचणं. आपल्याकडे कामाला लागताना ओचा खोचतात, तेच.

तरीही किल्ट घातलेल्या स्कॉटिश माणसाला ‘स्कर्ट छान आहे’ म्हटलं, तर त्याच्या कपाळावर आठी पडते. मला ती आठी रास्त वाटते. धोतर म्हणजे कापडच. पण ते नेसलेल्या आजोबांना कुणी ‘कापड गुंडाळलंय’ म्हटलेलं आपल्याला चालेल का?

शिवाय या नावासाठी माणसांनी सोसलंय. १६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या माळावर जॅकोबाइट सैन्य, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणारे बंडखोर, हरलं. त्याच वर्षी लंडनच्या संसदेने हायलंडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या, पोशाखावर बंदी आणली. कायद्यात फिलिबेग, म्हणजे छोटा किल्ट, नाव घेऊन आलाय. पहिल्यांदा सापडला तर ६ महिने कैद, पुन्हा सापडला तर ७ वर्षं समुद्रापार हद्दपारी. सूट होती ती राजाच्या सैन्यातल्यांना. आणि बंदी होती कुणावर? ‘पुरुष किंवा मुलगा’ यांच्यावर. हा बायकांचा कपडा आहे असं तो कायदा लिहिणाऱ्या शत्रूलाही वाटलं नव्हतं.

१७८२ साली बंदी उठली. पुढे ४० वर्षांनी, १८२२ मध्ये, राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला आणि स्वतः किल्ट घालून मिरवला. त्या सोहळ्याची आखणी स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉटची.

आज हायलंड नृत्याच्या स्पर्धांत मुलीही किल्ट घालून नाचतात, आणि त्यालाही किल्टच म्हणतात. तेव्हा माझं उत्तर असं: घडणीने स्कर्ट, नावाने किल्ट. हाक मारताना नावानेच मारावी.

टेबलावर शेवटची निरी बसलीय. निऱ्या हलू नयेत म्हणून घातलेला पांढरा कच्चा दोरा अजून तसाच आहे. ओल्या फडक्यावरून जड इस्त्री फिरते, वाफ उठते. मग बाई तो दोरा एका टोकाने ओढून काढते, आणि सगळ्या निऱ्या एकदम सुटतात.